मुठीखालचा गंज

चंद्रशेखररावांना लंडनच्या पिनर उपनगरात कुणी डांबून ठेवलेलं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोक लगेच सुनेला नावं ठेवायला मोकळे. मुलगा डॉक्टर, सून गुणी, घर उबदार, खाण्यापिण्याची चंगळ. पण माणूस कोंडायला कडी-कुलूपच लागतं असं थोडंच आहे?

सकाळी उठून ते पुढच्या खोलीतल्या खिडकीशी उभे राहायचे. समोर आपल्यासारखंच घर, त्याच्या शेजारी तसंच, त्याच्या शेजारी परत तसंच. दारात कचऱ्याचे बिन. आणि पाऊस! अहो, त्याला पाऊस म्हणायची लाज वाटावी. साताऱ्याचा पाऊस कसा, येतो म्हटलं की येतो आणि झोडपून काढतो. हा लेकाचा धड पडत नाही आणि धड थांबत नाही. कपाटातल्या कपड्यांना वास, मिठाला पाणी, गुडघ्याला ठणका.

"या देशात माणूस मरत नाही रे, बुरसटतो," ते अनयला म्हणायचे. अनय हसायचा आणि हीटिंग आणखी वाढवायचा.

साताऱ्याला दोन खोल्यांचा ब्लॉक होता. गॅलरीत उभं राहिलं की अजिंक्यतारा समोर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर तिथेच शेवटपर्यंत राहायचं, असं त्यांनी आणि सुमनताईंनी ठरवलं होतं. सुमनताई आधी गेल्या. मागोमाग यांची बायपास झाली आणि अनयनं सरळ सांगितलं, "बाबा, आता एकटं राहायचं नाही." वकिलांकडे खेटे घालून घालून त्यानं व्हिसा मिळवला. एवढं केल्यावर पोराला 'मला इथे करमत नाही' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? चंद्रशेखरराव गप्प बसले. गप्प बसायची सवय लागली की तीच मोठी कैद होते.

सुटकेची वाट एकच होती, आणि ती जात होती घरामागच्या शेडमधून.

त्या शेडमध्ये त्यांची सून अनुया जपानी तलवारी घासून उजळायची. म्हणजे धार लावणं नव्हे हं. धार कसाईसुद्धा लावतो. पुण्यात धातुशास्त्र शिकलेली ही मुलगी लंडनला आली, एका प्रदर्शनात हायाशी नावाच्या म्हाताऱ्या कारागिराला काम करताना तिनं पाहिलं आणि चळल्यासारखी त्याच्या मागे लागली. हे हायाशी लंडनातच, ईलिंगला राहायचे. घराणं तलवारी घडवणाऱ्यांचं. थोरला भाऊ घडवायचा, हे पुढे घासणारे झाले. अनुया त्यांना सेन्सेई म्हणायची, म्हणजे गुरुजी. आठ वर्षं झाली, ती बुटक्या पाटावर एका गुडघ्यानं दगड दाबून बसायची आणि पोलाद पाण्यातल्या दगडावर मागे-पुढे, मागे-पुढे. शेवटचा हात तर नखाएवढ्या दगडाच्या चकत्यांनी. त्या दगडाच्या खाणी आता बंद पडल्यात. चांगले दगड उरलेत ते सेन्सेईंकडे, एका लाकडी पेटीत.

ती पेटी ज्या दिवशी सेन्सेई तिच्या हातात देतील, त्या दिवशी शिक्षण संपलं. तोवर जगात कुणीही तिच्या हातात तलवार देणार नाही. या धंद्यात गुरूचा शब्द हेच सर्टिफिकेट.

"पेटी मिळाली की मी कुठेही बसून काम करू शकते, बाबा," अनुया म्हणाली होती. "मग आपण साताऱ्याला जाऊ. अनयचंही तिथल्या हॉस्पिटलात पक्कं झालंय. आता फक्त शेवटची परीक्षा."

परीक्षा म्हणजे एक तलवार. हायाशींच्या थोरल्या भावानं तरुणपणी घडवलेली, त्याचं नाव कोरलेली. असं नाव असलेली ती एकच उरलेली. सेन्सेईंनी ती अनुयाकडे सोपवली आणि म्हणाले, "हिला जागी कर." वर्षभर ती त्या पात्यावर बसली. आणि योग कसा बघा, दाखवायला न्यायचा दिवस ठरला तो नेमका दसऱ्याचा. चंद्रशेखररावांनी कॅलेंडर बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, सीमोल्लंघन आहे हे!" ते म्हणाले.

आता दसऱ्याचा आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. साताऱ्याच्या घरी पणजोबांची एक तलवार होती. वर्षभर ती गोदरेजच्या कपाटावर गुंडाळून पडलेली असायची, पण नवमीला ती खाली यायची. चिंच-मिठानं घासून लख्ख व्हायची, हळदकुंकू लागायचं, झेंडू वाहिला जायचा. चंद्रशेखररावांनी हे मुंज झाल्यापासून एकदाही चुकवलं नव्हतं. पिनरला आल्यापासून मात्र स्टेथोस्कोप, मिक्सर आणि गाडीची किल्ली यांच्यावर कुंकू लावून भागवायचे. मिक्सरला नमस्कार करताना त्यांना दरवेळी आपण नाटकात काम करतोय असं वाटायचं.

या नवमीला अनय हॉस्पिटलात होता आणि अनुया झेंडू आणि आंब्याची पानं आणायला जवळच्या हॅरोला गेली होती. घरात पुरुष एकटा, समोर मिक्सर, आणि मागच्या शेडमध्ये साक्षात तलवार! पूजा केल्याशिवाय ती परीक्षेला न्यायची? शस्त्र आहे ते, रागावतं.

पोलादी कपाटाची किल्ली कुठे असते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अनुयाचा घरच्यांवर विश्वास होता.

म्हातारा निष्काळजी होता असं मात्र कुणी म्हणू नये. त्यांनी हात धुतले, पुसले, धूतवस्त्र नेसलं. पात्याला बोट लागू द्यायचं नाही, त्याच्यावर बोलायचंसुद्धा नाही, थुंकीचा कण उडतो, हे सगळं त्यांनी सुनेकडे बघून बघून शिकून घेतलं होतं. साध्या लाकडी म्यानातून त्यांनी तलवार बाहेर काढली. काय काम केलं होतं पोरीनं! पात्यावर जणू सकाळचं धुकं उतरलं होतं. त्यांनी मऊ उपरण्यात ते पातं गुंडाळलं. मुठीतली बांबूची खुंटी अनुया कशी ठोकून काढते हे त्यांनी पाहिलं होतं. पूजा करायची तर अख्ख्या शस्त्राची, म्हणून त्यांनी ती काढली आणि मूठ उतरवली.

आणि पाहतात तो काय! मुठीच्या आत गेलेला तलवारीचा शेपटाकडचा भाग गंजून तपकिरी पडलेला.

"अरेरे," चंद्रशेखरराव म्हणाले. त्यांना वाटलं, वेळ पुरला नाही बिचारीला. एवढं राहिलं आणि मुठीत झाकून टाकलं. उद्या त्या म्हाताऱ्यानं मूठ उतरवून बघितली तर? एवढ्याशासाठी वर्षाची मेहनत पाण्यात जायची! त्यांना सुनेची फार दया आली. त्यांनी स्वयंपाकघरातून चिंच भिजवून आणली, मीठ घेतलं, तारेची घासणी घेतली. आणि घासलं. गुडघा दुखेपर्यंत घासलं. जन्मात कधी इतक्या मायेनं भांडं कुणी घासलं नसेल. भावाचं कोरलेलं नाव चांदीसारखं लखलखायला लागलं तेव्हाच ते थांबले. मग धुऊन, कोरडं करून, नावावर हळदकुंकू लावून, मनोभावे नमस्कार करून त्यांनी ते पुसलं, मूठ परत बसवली, खुंटी ठोकली, तलवार कपाटात ठेवली. सुनेला सांगायचं नाही, उद्या तिलाच कळेल, असं ठरवून ते खुशीत पुरणाला लागले.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

संध्याकाळी अनुयाबरोबर सीमा आली. सीमा म्हणजे अनुयाची हॅरोची मैत्रीण, तोंडाचा पट्टा अखंड चालू. चहा घेता घेता ती म्हणाली, "तुझी ती तलवार दाखव ना. उद्या जाणार ना ती?"

"आता नाही उघडणार गं. फोटो बघ." अनुयानं फोन पुढे केला.

"आणि हे काय खाली? एवढं चकचकीत केलंस आणि हे असं कळकट का ठेवलंस?"

चंद्रशेखररावांनी पुरणाचा डाव हातात धरूनच कान टवकारले.

"ते कधीही साफ करायचं नसतं," अनुया म्हणाली. "पहिल्या दिवशी पहिला धडा तोच. तलवार घडवणारा तेवढा भाग मुद्दाम उघडा सोडतो. पुढचं काम काळाचं. त्या गंजावरून तलवारीचं वय कळतं, खरी-खोटी कळते. तो गेला की सगळं गेलं. पातं परत घासता येतं, सीमा. गंज परत लावता येत नाही."

"आणि चुकून साफ झाला तर?"

"सेन्सेई म्हणतात, त्यापेक्षा तलवार मोडली तरी चालेल." अनुया हसली. "बाबा, पुरण लागतंय का खाली? वास येतोय."

लागलं होतं. पुरणही आणि बाकीचंही.

त्यानंतरची संध्याकाळ चंद्रशेखररावांनी कशी काढली ते त्यांचं त्यांना माहीत. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. सांगावं, तर उद्याची परीक्षा आजच संपली. न सांगावं, तर पोरीचा गुरुजींसमोर पोपट होणार, तोही तिला कशाची कल्पना नसताना. पळून जावं तर जाणार कुठे? बसचं कार्डसुद्धा अनुयानंच भरून दिलेलं. जेवताना घास गिळवेना. अनय म्हणाला, "बाबा, चेहरा का असा? बीपी बघू या." बघितलं तर वाढलेलं. "गोड जास्त झालं," चंद्रशेखरराव म्हणाले. आयुष्यभर सरकारी खात्यात राहूनसुद्धा त्यांना खोटं बोलता यायचं नाही, त्या दिवशी आलं.

दसऱ्याच्या सकाळी अनुया नवी साडी नेसून शेडकडे निघाली. दाराला तिनं स्वतः केलेलं तोरण होतं. चंद्रशेखरराव स्वेटर न घालताच मागे धावले.

"अनुया, थांब. पोरी, मी घाण करून ठेवलीय."

त्यांनी सगळं सांगितलं. चिंच, मीठ, घासणी, सगळं. अनुयानं मूठ उतरवली. बराच वेळ ती त्या लखलखीत नावाकडे बघत राहिली. मग शेडच्या पायरीवर ओल्यातच बसली. नव्या साडीचं भान नाही.

"ओरड गं," चंद्रशेखरराव म्हणाले. "शिव्या दे मला."

"कशी देऊ, बाबा?" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मी नाही हो सांगितलं तुम्हाला. जगाला सांगत सुटले आणि घरात नाही सांगितलं."

"काही करता नाही येणार? औषध वगैरे?"

"येतं की. दोन दिवसांत जुना दिसेल असा गंज चढवता येतो. मला येतं ते." ती डोळे पुसत म्हणाली. "बाजारात असल्या बनावट तलवारी ढिगानं आहेत. त्या ओळखायलाच तर शिकले मी आठ वर्षं."

तिनं तलवार कापडात बांधली, गाडीच्या डिकीत ठेवून कुलूप लावलं. चंद्रशेखरराव शेजारी येऊन बसले. "बाबा, तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. त्यांनी मुकाट्यानं सीटबेल्ट लावला. ईलिंग येईपर्यंत वायपर तेवढा रडत होता.

हायाशी ऐंशीचे. काडीसारखे, ताठ. पुढच्या खोलीत एक पांढरी चादर पसरलेली आणि चादरीच्या पलीकडे ती लाकडी पेटी. पेटी तिथे काढून ठेवलेली चंद्रशेखररावांनी पाहिली. म्हणजे म्हाताऱ्याचं आधीच ठरलेलं होतं!

अनुया वाकली आणि म्हणाली, "सेन्सेई, माझ्याकडून चूक झालीय. तलवारीची राखण माझ्याकडे होती."

"आधी पातं," हायाशी म्हणाले.

त्यांनी पातं खिडकीच्या उजेडात धरलं. टोकापासून मुठीपर्यंत नजर हळूहळू फिरवली, परत फिरवली. मग त्यांनी पसंतीची मान डोलावली. एवढंच. पण आठ वर्षांत सेन्सेईंनी कधी मान डोलावलेली नाही, हे अनुयानं चंद्रशेखररावांना कितीदा सांगितलं होतं. मग म्हाताऱ्यानं खुंटी काढली आणि मूठ उतरवली.

खोलीत घड्याळ नव्हतं म्हणून बरं, नाहीतर ते ऐकवलं नसतं.

हायाशींनी त्या नावावरून अंगठा फिरवला. अक्षरांच्या खाचेत पिवळं काहीतरी अडकलं होतं. त्यांनी ते नखानं टोकरलं, नाकाशी नेलं. आणि ते अनुयाकडे नाही, थेट चंद्रशेखररावांकडे वळले.

"हे काय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हळद," चंद्रशेखरराव म्हणाले. आणि आपल्या पाटबंधारे खात्याच्या इंग्रजीत त्यांनी सगळं सांगून टाकलं. आमच्याकडे वर्षातून एकदा शस्त्राला अंघोळ घालतात. नमस्कार करतात. तिचा दोष नाही. ती घरात नव्हती. मला वाटलं, तिचं तेवढंच राहिलं. "शिक्षा मला करा, सर."

"नमस्कार केलात तुम्ही? माझ्या भावाच्या नावाला?"

"हो."

हायाशींनी नावावर परत अंगठा ठेवला. "भावानं हे नाव कोरलं त्या दिवशी ते असंच दिसत होतं," ते म्हणाले. "मी बारा-तेरा वर्षांचा. त्याच्यासाठी दिवा धरून उभा होतो."

चंद्रशेखररावांना हायसं वाटलं. सुटलो, त्यांच्या मनात आलं. उलट म्हाताऱ्याला भाऊ परत भेटला की! बघा, देवाच्या दारी...

"ते मला परत दिसायला नको होतं," हायाशी म्हणाले. "दुसऱ्या वर्षी तो वारला. हा गंज चढत गेला, तसतसा मी सावरत गेलो. आता परत पहिल्या दिवसावर आलो."

चंद्रशेखररावांची मान खाली गेली. सुमनताईंच्या साड्यांचं कपाट त्यांनी साताऱ्यात अजून उघडलेलं नव्हतं. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हायाशींनी तलवार कापडात परत बांधली. रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. त्यांनी ती अनुयापुढे सरकवली.

"घेऊन जा. तुझ्या घरानं हिचं वय पुसलं, आता तुझ्या घरानंच ते भरून द्यायचं. पात्याला तेल. नावाला काही नाही. पाणी नाही, मीठ नाही, युक्ती नाही. नावावर पहिला तपकिरी रंग आपोआप चढला की घेऊन ये. पेटी इथेच आहे."

"किती दिवस लागतील, सेन्सेई?" अनुयानं विचारलं.

"मला नाही माहीत," म्हातारा म्हणाला. "वर्ष. पाच वर्षं. मी आहे तोवर वाट बघेन."

घरी आल्यावर अनयनं सगळं ऐकलं आणि बापाला एका शब्दानं बोलला नाही. रात्री त्यानं नुसतं साताऱ्याच्या ब्लॉकच्या शेजाऱ्यांना फोन करून सांगितलं की यंदा येणं जमत नाही, नळ बंदच असू द्या. चंद्रशेखररावांनी जिन्यात उभं राहून ऐकलं. स्वतःच्या हातानं चिंचेनं घासून त्यांनी आपलीच बेडी चकचकीत केली होती.

झेंडू सुकले, थंडी पडली. माणूस मात्र बदलला बरं का. सकाळी खिडकीशी उभे राहायचे ते आता पावसाला शिव्या द्यायला नव्हे. पाऊस आहे ना, हे बघायला. ऊन पडलं की त्यांचा चेहरा उतरायचा. चहा झाला की ते शेडमध्ये जायचे. अनुया पाटावर बसून शिकाऊ कामं करायची, सेन्सेई पाठवतील ती. हे कोपऱ्यात खुर्चीवर.

"बाबा, हीटर लावू का? गारठलात."

"नको, नको. राहू दे ओल," ते म्हणायचे.

जानेवारीत एका दुपारी अनुया बाहेर गेली होती. चंद्रशेखरराव बागेतून शेडमध्ये आले तेव्हा छत्रीतून पाणी गळत होतं आणि दोन्ही हात ओले झाले होते. किल्ली आता त्यांच्याकडेच असायची. अनुयानं हट्टानं त्यांच्याकडे दिली होती. त्यांनी कपाट उघडून, कोपरानं सांभाळत, मूठ उतरवलेली ती तलवार कापडावर पुढे ओढली. नाव तसंच. लख्ख. महिनोन्महिने रोज बघत होते, लेकाचं जरासुद्धा मळत नव्हतं.

त्यांनी हाताकडे बघितलं. बोटाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लोंबत होता. एकच थेंब. पावसाचंच पाणी, मीठ नाही, औषध नाही. या बोटानं एकदा त्या अक्षरांवरून नुसतं फिरायचं, आठ-पंधरा दिवसांत रंग चढेल. कुणाला कळणार? पेटी मिळेल. उन्हाळ्याच्या आत सातारा. गॅलरी, समोर अजिंक्यतारा, आणि ते कपाट एकदाचं उघडून सुमनताईंच्या साड्यांना ऊन दाखवता येईल. वय काही थांबत नव्हतं. त्यांचंही आणि ईलिंगच्या म्हाताऱ्याचंही.

हात नावावर आला. थेंब आणखी लोंबला.

"अरे चोरा," चंद्रशेखरराव मोठ्यानं म्हणाले, आणि मग तलवारीवर बोलायचं नसतं हे आठवून त्यांनी घाईघाईनं तोंड फिरवलं.

त्यांनी हात मागे घेतला. गळ्यातला मफलर काढला, एकेक बोट वेगळं धरून कोरडं केलं, नखांच्या कडासुद्धा पुसल्या. मग तलवार परत कापडात गुंडाळून कपाटात ठेवली, किल्ली फिरवली आणि खुर्ची खिडकीजवळ ओढून बसले. बाहेर पाऊस होता.